पातेऱ्याचा हिशोब: रान, काजूबाग आणि बांधावरची झाडं यांतला कार्बन कसा मोजायचा, मातीचा कस कसा वाढवायचा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मिरगाचा पाऊस लागण्याआधी, आमच्या डोंगरउतारावर मी दरवर्षी तीन ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेतो. पहिला देवराईच्या हद्दीबाहेर, ऐन-किंजळाच्या सावलीत. दुसरा जुन्या काजूबागेत. तिसरा वरच्या वरकस माळावर, जिथून जवळजवळ दरवर्षी वणवा फिरतो. तिन्हीखालचा दगड एकच, जांभा. पाऊसही एकच. पण पहिल्या खड्ड्यात बोटं सहज शिरतात. माती काळपट असते, बारीक मुळांच्या जाळ्यानं धरलेली, आणि भर मेमध्येही हाताला गार लागते. काजूखाली वरचे दोन बोटं काळपट, त्याखाली लगेच घट्ट तांबडं. माळावर पहार मारली की खडीवर खणकन आवाज येतो.

या तीन खड्ड्यांतला फरक मुख्यतः सेंद्रिय कर्बाचा आहे. माती परीक्षणाच्या अहवालात 'सेंद्रिय कर्ब' म्हणून जो आकडा येतो तोच हा जमिनीतला कार्बन. झाडं लावली की हवेतला कार्बन साठतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण तो कुठे साठतो, किती टिकतो आणि आपल्या जमिनीचा कस त्याच्याशी कसा बांधलेला आहे, हे मोजून पाहणारे शेतकरी फार थोडे. हा लेख त्या मोजणीबद्दल आणि मोजल्यानंतर काय करायचं त्याबद्दल आहे. उदाहरणं कोकणातली आहेत, कारण मी तिथेच राबतो. पद्धत मात्र कुठेही वापरता येईल.

आधी कारण समजून घ्या

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या जंगलांत सुमारे ७,२०४ दशलक्ष टन कार्बन आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक मातीत आहे. खोड, फांद्या, पानं नजरेत भरतात, पण मोठी ठेव पायाखाली असते. जगाचा हिशोबही असाच आहे. वरच्या एक मीटर मातीतला सेंद्रिय कार्बन हा हवेतल्या आणि सगळ्या वनस्पतींतल्या कार्बनच्या बेरजेहून जास्त भरतो किंवा त्याच्या बरोबरीला येतो.

कोकणात या ठेवीचं मोल आणखी वाढतं. देशावरच्या काळ्या जमिनीतली चिकणमातीच अन्नद्रव्यं धरून ठेवते. तिथे सेंद्रिय कर्ब घसरला तरी काही वर्षं माती सांभाळून घेते. जांभ्याच्या मातीतली चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट जातीची आहे, तिची धरून ठेवण्याची ताकद फार कमी. वर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. चुना, पालाश (पोटॅशियम), नत्र (नायट्रोजन) धुऊन जातं आणि माती आम्ल होते. टाकलेलं स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि ॲल्युमिनियम बांधून ठेवतात, ते पिकाला मिळत नाही. इथे अन्नद्रव्यं धरून ठेवण्याचं काम जवळपास एकट्या सेंद्रिय पदार्थाला करावं लागतं. म्हणून कोकणात पातेरा (झाडाखालचा वाळका पालापाचोळा) पेटवणं म्हणजे नुसता कचरा जाळणं नव्हे, पुढच्या वर्षीच्या खताची पिशवीच जाळणं आहे.

पायरी १ : जमिनीचे तुकडे पाडा

सातबाऱ्यावरचा गट एक असला तरी माती एक नसते. एका कागदावर जमिनीचं कच्चं चित्र काढा आणि वापराप्रमाणे भाग पाडा: जुनं रान, बाग, खाचरं, माळ, पऱ्याकाठ (ओढ्याचा काठ). उतार जास्त असेल तर वरचा आणि खालचा भाग वेगळा धरा, कारण वरची माती वाहून खाली येते आणि खालचा नमुना नेहमीच चांगला दिसतो. प्रत्येक भागाला नाव द्या, आकडा नको. 'फणसाखालचा', 'गडग्यावरचा' (दगडी बांधावरचा) अशी नावं दहा वर्षांनीही आठवतात.

तुमच्याकडे किंवा शेजारी राखलेलं जुनं रान असेल तर त्याच्या कडेचा एक नमुना घ्याच. तुमच्या दगडावर, तुमच्या पावसात माती किती चांगली होऊ शकते याचं ते माप आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांच्या नोंदी केल्या, त्या मुख्यतः झाडांच्या. त्याच देवराया मातीचाही जुना नमुना जपून आहेत. देवराईच्या आत मात्र खणू नका. हद्दीबाहेरही गावाला विचारूनच पहार घाला.

पायरी २ : प्रयोगशाळेआधी हात

दोन चाचण्या फुकट होतात. प्रत्येक भागातलं सुपारीएवढं कोरडं ढेकूळ काचेच्या पेल्यात पाण्यात अलगद सोडा. सेंद्रिय पदार्थ आणि मुळांनी बांधलेलं ढेकूळ बराच वेळ आकार धरून राहतं. उपाशी मातीचं ढेकूळ मिनिटा-दोन मिनिटांत विरघळून तळाशी गाळ होतो. पहिल्या जोरदार सरीत तुमच्या बागेत हेच होत असतं.

दुसरी चाचणी जुन्या सुती धोतराची. हातभर लांब सारख्या पट्ट्या कापा, जून महिन्यात प्रत्येक भागात चार बोटं खोल पुरा आणि खुणेची काठी रोवा. दोन महिन्यांनी उकरा. जिथे माती जिवंत आहे तिथे पट्टीच्या चिंध्याच हाती येतात, माळावरची पट्टी धुऊन पुन्हा वापरता येईल इतकी शाबूत निघते. घरातल्या मुलांना हे काम द्या, एकदा पाहिलं की ती विसरत नाहीत.

पायरी ३ : मातीचा नमुना, आणि त्यासोबत पाइप

माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा हे बहुतेकांना माहीत असतं, तरी चुका त्यातच होतात. एका भागात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. खोडाला लागून, बांधावर, शेणखताच्या ढिगाजवळ, गुरं बसतात तिथे, वाटेवर नमुना घेऊ नका. आधी वरचा पातेरा हातानं बाजूला करा. तो मातीत मिसळला तर अहवाल खोटा गोड येतो. कार्बनच्या हिशोबासाठी दोन थर वेगळे घ्या: ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर. सगळ्या जागांची एका थराची माती एकत्र करा, सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहा. कापडी पिशवीत भरा. खताची रिकामी पिशवी कधीच वापरू नका.

अहवालात येणारा टक्का एवढंच सांगतो की शंभर ग्रॅम बारीक मातीत किती ग्रॅम कर्ब आहे. जमिनीत एकूण किती माती आहे हे त्यावरून कळत नाही, आणि जांभ्याच्या जमिनीत तर निम्मी जागा खड्यांनी अडवलेली असू शकते. म्हणून पाइप लागतो. दहा सेंटिमीटर आतला व्यास आणि दहा सेंटिमीटर उंची असलेला लोखंडी पाइपचा तुकडा वेल्डिंगवाल्याकडून कापून घ्या, एक कड बाहेरून घासून धारदार करून घ्या. त्यात ७८५ घनसेंटिमीटर माती मावते. वर लाकडी फळी ठेवून पाइप जमिनीत ठोका, भोवतालची माती उकरून तो अलगद काढा, दोन्ही तोंडं सुरीनं सपाट करा. आतली सगळी माती वाळवा, दोन मिलिमीटरच्या चाळणीनं खडे वेगळे करा आणि फक्त बारीक मातीचं वजन करा. प्रयोगशाळेत माती १०५ अंश सेल्सिअसला वाळवतात. नुसत्या उन्हात थोडी ओल राहते, म्हणून वजन किंचित जास्त भरतं. दरवेळी एकाच पद्धतीनं वाळवलंत तर तुलना बिघडत नाही.

आता गणित. समजा पाइपात ७०६ ग्रॅम बारीक कोरडी माती निघाली. ७०६ ला ७८५ नं भागलं की आलं ०.९. अहवालात सेंद्रिय कर्ब १.२ टक्के आहे. खोली ३० सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार करा:

१.२ × ०.९ × ३० = ३२.४ टन कार्बन, एका हेक्टरमध्ये.

गुंठ्याच्या भाषेत सुमारे ३२८ किलो. दोन थरांचे अहवाल वेगळे असतील तर प्रत्येकाचं गणित १५ सेंटिमीटर धरून करा आणि बेरीज घ्या. खडे न काढता संपूर्ण मातीचं वजन धरलं असतं तर हाच आकडा बराच फुगला असता. जांभ्याच्या भागात ही चूक सर्रास होते.

अहवाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बहुतेक प्रयोगशाळा वॉक्ली-ब्लॅक पद्धत वापरतात, ती १९३४ ची. तिच्यात सगळा कर्ब पकडला जात नाही, साधारण तीन चतुर्थांश पकडला जातो. त्यासाठी १.३ च्या आसपासचा गुणक लावतात. तुमच्या प्रयोगशाळेनं तो लावला आहे का हे विचारून वहीत लिहून ठेवा. दुसरी गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी. काळ्या जमिनीत चुनखडीच्या रूपातही कार्बन असतो. 'एकूण कार्बन' मोजणाऱ्या यंत्रात तोही धरला जातो आणि आकडा मोठा दिसतो. कसाशी संबंध आहे तो सेंद्रिय कर्बाचा, म्हणून अहवालात तोच मागा.

महाराष्ट्रात वापरात असलेल्या वर्गवारीत ०.४० टक्क्यांपर्यंतचा कर्ब कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम आणि ०.८० च्या वर भरपूर समजतात. कोकणातल्या बऱ्याच जमिनी या मापानं 'भरपूर' ठरतात, आणि शेतकरी निश्चिंत होतो. इथेच फसगत होते. आपली तुलना राज्याच्या तक्त्याशी करू नका, आपल्याच रानाच्या कडेच्या नमुन्याशी करा.

पायरी ४ : झाडातला कार्बन

झाड न तोडता मोजता येतं. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेपनं घेर घ्या. उतारावर वरच्या बाजूला उभं राहून मोजा. घेराला ३.१४ नं भागलं की व्यास मिळतो. उंचीसाठी एक काठी हाताच्या लांबीएवढी घ्या, हात सरळ करून ती उभी धरा आणि झाडाचा शेंडा-बुंधा काठीच्या दोन टोकांत बसेपर्यंत मागे सरका. सपाट जागेवर तुम्ही झाडापासून जितके दूर, तितकी साधारण झाडाची उंची.

उष्ण कटिबंधातल्या रानझाडांसाठी शावे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दिलेलं सूत्र जगभर वापरतात:

जमिनीवरचं कोरडं वजन (किलो) = ०.०६७३ × (लाकडाची घनता × व्यास × व्यास × उंची) चा ०.९७६ वा घात

व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये. फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण दिसतं. एक ऐन घेऊ. घेर १२६ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ४०. उंची १५ मीटर. ऐनाचं लाकूड जड, घनता ०.७३ धरू. कंसातला गुणाकार १७,५२० आणि वजन सुमारे ९३० किलो. मुळांसाठी त्यात पाव हिस्सा मिळवा. एकूण साधारण १,१६० किलो. त्यातला ४७ टक्के कार्बन, म्हणजे ५४५ किलोच्या आसपास. कार्बन डायऑक्साइडच्या मापात सांगायचं तर ३.६७ नं गुणा: एका ऐनात सुमारे दोन टन.

हे सूत्र कलमी काजू-आंब्याला जसंच्या तसं लावू नका. कलमं खालूनच फुटलेली, छाटलेली असतात, छातीच्या उंचीवर एक खोडच नसतं. तिथे फांद्या फुटण्याच्या खाली घेर घेऊन दरवर्षी त्याची वाढ नोंदवा, तेवढं पुरेसं आहे. माड, पोफळ, बांबू यांचं गणित पूर्ण वेगळं, त्यांना हे सूत्र मुळीच लागू नाही.

गुंठाभर जागेतली सगळी झाडं मोजा आणि त्यावरून हिशोब करा. रानात अशा चार-पाच जागा घ्या. फक्त मोठी झाडं निवडून मोजायचा मोह टाळा.

पायरी ५ : नवं लावण्याआधी जुनं राखा

या लेखातली ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गेल्या काही वर्षांत डोंगरच्या डोंगर जेसीबीनं सोलून तिथे काजू, आंबा, रबर लावलं जातं. कागदावर ते 'वृक्षलागवड' म्हणून मोजलं जातं. पण एका दिवसात तासलेल्या वरच्या वीतभर मातीत पिढ्यांची ठेव असते. ती उघडी पडली की हवा लागून कुजते, पहिल्या पावसात उरलेली पऱ्याला जाते. लागवडीसाठी माती फिरवली की सुरुवातीची काही वर्षं जमिनीतला कर्ब घटतो हे ठिकठिकाणी दिसलेलं आहे. कलमं मोठी होऊन ती तूट भरायला फार काळ जातो, आणि माती वाहून गेली असेल तर ती भरतच नाही.

म्हणून रान साफ करून बाग लावायचा विचार असेल तर थांबा. लावायचंच असेल तर उघडी, आधीच खराब झालेली जागा निवडा. जेसीबी न घालता जागच्या जागी खड्डे घ्या. खड्ड्याची वरची काळी माती वेगळी ठेवा आणि भरताना तीच मुळांजवळ घाला. मधले ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा उभे ठेवा, लागवडीची ओळ थोडी वाकडी झाली तर होऊ दे. यातली बरीच झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, ती तोडायला परवानगीही लागते.

एक गोष्ट उलट बाजूची. प्रत्येक मोकळ्या जागेला झाड हवं असं नाही. सड्यावर, उघड्या कातळावर खड्डे फोडून झाडं लावण्याचा हट्ट सोडा. पावसाळ्यात तिथे उगवणारं गवत आणि फुलं ही तिथली खरी वस्ती आहे, आणि राजापूर-रत्नागिरीकडच्या काही सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत. सड्याला फक्त वणव्यापासून जपा.

पायरी ६ : आग थांबवा

वणव्यात झाडं जळतात ते दिसतं. पातेरा जळून जातो ते कुणी मोजत नाही. पानातलं बहुतेक नत्र आणि गंधक धुरात जातं. पालाश आणि चुना राखेत उरतो, पण ती राख उतारावर उघडी पडलेली असते, पहिल्या पावसाबरोबर वाहून जाते. पावसाचा मार सोसायला पातेऱ्याचं पांघरूणही उरत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत पिवळं पडायला लागलं की बेणणी करा. कापलेलं गवत झाडांच्या आळ्यात घाला. डिसेंबर-जानेवारीत हद्दीवर तीन ते पाच मीटर रुंदीचा पट्टा गवत आणि पातेरा खरवडून स्वच्छ करा, ही तुमची जाळरेषा. शेजारच्या बागवाल्यांशी बोलून ती सलग काढा. एकट्याची जाळरेषा वाऱ्याच्या एका झोतात ओलांडली जाते. पायवाट आणि रस्त्याकडची बाजू सगळ्यात आधी साफ करा, आग बहुतेकदा तिथूनच येते.

काजूबागेत मात्र आग आपल्याच हातून लागते. काजूच्या बिया पातेऱ्यात सापडत नाहीत, म्हणून हंगामाआधी झाडाखाली लोटून सगळा पातेरा पेटवतात. ही अडचण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. मी जानेवारीत पातेरा दाताळ्यानं ओढून दोन ओळींच्या मधल्या चरांत भरतो. झाडाखालची जमीन साफ होते, बिया दिसतात आणि पातेरा बागेतच राहतो. मजुरी जाळण्यापेक्षा जास्त लागते. पहिल्या वर्षी ती अंगावर येते, चर तयार असले की दुसऱ्या वर्षापासून काम निम्म्यावर येतं.

पायरी ७ : उतारावर अडवा

ते चर कुठून येतात? समतल रेषेवरून. ए आकाराची लाकडी चौकट, मध्ये ओळंबा, एवढ्यावर समतल रेषा आखता येते. त्या रेषेवर अर्धा-पाऊण मीटर रुंद आणि तेवढेच खोल चर घ्या. फार तीव्र उतारावर आणि माती घसरण्याची भीती असलेल्या जागी मात्र खोल चर नकोत, तिथे पाणी मुरवणं धोक्याचं ठरतं. तिथे जांभ्याचे गडगे आणि प्रत्येक कलमाला खालच्या बाजूनं अर्धचंद्राकृती आळं एवढंच करा. चराच्या खालच्या काठावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. चरात पातेरा, काठावर गिरिपुष्प, आणि दोन-तीन वर्षांत चरातून बाहेर काढायला मिळणारी काळी माती.

पायरी ८ : गिरिपुष्प, आणि भाजावळीला पर्याय

गिरिपुष्पाला आमच्याकडे उंदीरमारीही म्हणतात. शेंगवर्गीय असल्यानं ते हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींत बांधतं. गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण न घालताही वाढतं. जूनच्या पहिल्या पावसात अंगठ्याहून जाड, हात-दीड हात लांब छाट बांधावर मीटर-दीड मीटरवर लावा. बियांपासून केलेली रोपं मुळं खोल नेतात, माळावर तीच बरी. पहिल्या वर्षी कापू नका. पुढे कमरेएवढ्या उंचीवर छाटत राहा, वर्षातून दोन-तीन वेळा पाला मिळतो.

त्याचा हिशोब असा. एक टन ओल्या पाल्यात दोनशे ते अडीचशे किलो कोरडा भाग असतो, त्यात अडीच-तीन टक्के नत्र. म्हणजे पाच ते साडेसात किलो नत्र, युरियाच्या पोत्याचा पाव ते तिसरा हिस्सा. हे वाचून कुणी म्हणेल, एवढ्या पाल्याला एवढंच? पण युरियासोबत कर्ब येत नाही, पालाश येत नाही, आणि ताण पडल्यावर ओल धरणारी माती तर नाहीच नाही.

एकट्या गिरिपुष्पाचा पाला चटकन कुजतो आणि पावसाबरोबर त्याचं नत्रही निसटतं. काजूचं आणि सागाचं पान सावकाश कुजतं. दोन्ही एकत्र घाला: खाली वाळका पातेरा, वर ओला टाळ (हिरव्या पाल्याच्या डहाळ्या), त्यावर शेणकाला. ओल्यातल्या नत्रावर जंतू वाळक्याला भिडतात, आणि त्यांच्या मेलेल्या शरीरांपासून मातीत टिकणारा बराच कर्ब बनतो. खोडापासून मात्र हातभर जागा मोकळी ठेवा. खोडाशी ओला थर साचला की वाळवी आणि रोठा (खोड पोखरणारी अळी) या दोघांवर नजर ठेवता येत नाही.

भाताच्या राबासाठी (रोपं वाढवायच्या भाजलेल्या जागेसाठी) ऐन-किंजळाची कवळं (पाल्याच्या फांद्या) तोडून, शेण-पातेऱ्याचे थर रचून भाजणं ही आपली जुनी रीत. तिला वेडेपणा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. भाजल्यानं तणाचं बी मरतं, राखेनं आम्लता उतरते, पालाश मिळतो, तरवा (भाताची रोपं) जोमदार येतो. पण एका राबासाठी कितीतरी झाडं बोडकी होतात आणि रानाचं नत्र धुरात जातं. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भात पद्धतीत याला चांगली वाट आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची, आणि चिखलणीच्या आधी खाचरात आरला (शंभर चौरस मीटरला) तीस किलो गिरिपुष्पाचा पाला पसरायचा. गिरणीवर तुसाची राख सहज मिळते. तणासाठी गादीवाफा आठ-दहा दिवस आधी ओला करून तण उगवू द्या, खुरप्यानं काढा, मग पेरा. शंभर टक्के जमलं नाही तरी निम्मे राब कमी झाले तर कवळ तोडलेली झाडं पुन्हा फुटायला वेळ मिळतो.

इथे एक इशारा. रानातला पातेरा भरभरून बागेत आणणं ही जमिनीची वाढ नव्हे. एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे घातले म्हणून श्रीमंती येत नाही, आणि रानाचा खिसा तर हळूहळू फाटत जातो. बागेला लागणारा पाला बागेतच, बांधावरच पिकवा.

पायरी ९ : एकजातीच्या लागवडीत काय करायचं

साग, सुरू, ऑस्ट्रेलियन बाभूळ अशी एकाच जातीची लागवड असेल तर दुरुस्ती करता येते. सागाच्या मोठ्या पानावर पावसाचं पाणी साचून मोठे थेंब खाली पडतात, आणि खाली झुडूप नसेल तर माती उखडतात. म्हणून सागाखालचं झुडूप साफ करू नका. विरळणी करून उजेड आत येऊ द्या, मध्ये कोकम, जांभूळ अशी सावली सोसणारी झाडं लावा. ऑस्ट्रेलियन बाभूळ नत्र बांधते, पण तिचा पाला चिवट, लवकर कुजत नाही आणि उन्हाळ्यात आगीला आमंत्रण देतो. तिच्यात हळूहळू देशी झाडं घुसवा.

तोडणीच्या वेळी फक्त खोड बाहेर न्या. साल, फांद्या, पानं जागीच पसरा. सागाच्या सालीत कॅल्शियम भरपूर असतं, आणि आम्ल जमिनीला हवं असतं तेच. साल गाडीत भरून गेली की दर तोडणीगणिक जमिनीतला तेवढा चुना गावाबाहेर जातो.

नव्या बागेत पहिली तीन-चार वर्षं ओळींच्या मध्ये कुळीथ, चवळी घ्या. जमीन उघडी राहत नाही आणि मुळं जमिनीतच कुजतात. पुढे सावली पडली की हळद, सुरण. पांगारा किंवा गिरिपुष्पावर मिरी चढवा.

पायरी १० : कुणी कार्बनचे पैसे देतो म्हणाला तर

आता गावोगाव करारांचे कागद घेऊन लोक येतात. सगळे फसवे नसतात, पण सही करण्याआधी विचारा: करार किती वर्षांचा? त्या काळात झाड वठलं, वाऱ्यानं पडलं, वणव्यात गेलं तर जबाबदारी कुणाची? आधीपासून उभ्या असलेल्या झाडांचे पैसे मिळतात का? बहुतेकदा मिळत नाहीत, कारण विक्री 'नव्यानं साठलेल्या' कार्बनचीच असते. मोजणी कोण करतं, आणि मोजणीचा कागद मला मिळेल का? जमीन विकली किंवा वाटणी झाली तर काय? मुलाला झाड तोडायचं झालं तर? उत्तरं तोंडी नकोत, मराठीत लिहून मागा. सामाईक सातबारा असेल तर सगळ्या भावंडांना बसवून वाचा. माझं मत विचाराल तर हिशोब पिकाच्या आणि खताच्या बचतीवर बसवा. कार्बनचे पैसे आले तर वरकड समजा.

पायरी ११ : वही

झाडांचे घेर दरवर्षी एकाच महिन्यात घ्या, खोडावर चुन्याची खूण करून त्याच रेषेवर. पातेऱ्यासाठी अर्धा मीटर बाजूची लाकडी चौकट करा, तिच्या आतला सगळा पातेरा वाळवून तोला आणि चारनं गुणा, चौरस मीटरचं वजन मिळेल. मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये असं दोनदा केलंत की तुमच्या बागेत किती पडतं आणि किती कुजतं ते समोर येतं.

माती मात्र दरवर्षी तपासून पैसे घालवू नका. कर्ब सावकाश हलतो. एका वर्षात ०.१ टक्क्याचा फरक आला तर तो बहुधा नमुन्याचा किंवा प्रयोगशाळेचा असतो. चार-पाच वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच जागी, त्याच खोलीवर, जमल्यास त्याच प्रयोगशाळेत तपासा. वाढ सुरुवातीला भराभर दिसते आणि पुढे मंदावते, प्रत्येक मातीची धरण्याची एक मर्यादा असते.

वहीत तारीख, भागाचं नाव, पाइपातल्या मातीचं वजन, कर्बाचा टक्का, कर्ब मोजण्याची पद्धत, त्या वर्षी वणवा आला का, पाला किती घातला, एवढे रकाने पुरे. आमच्याकडे ती वही मांगरात (शेतातल्या खोपटात) पाइपाशेजारी खुंटीला टांगलेली असते. पाऊस लागला की तिला प्लास्टिकच्या पिशवीत घालावं लागतं, नाहीतर ऑगस्टपर्यंत तिचीही माती होते.